जास्त तण त्याचं शेत आधी

पिंपळनेर, जि. धुळे
१२ जानेवारी १९८८

चि. वाल्मीक यास,

तुला एक आजी आहे. नाव द्रौपदाबाई. पिंपळनेरच्या बौद्धवाड्यात राहते, उंचीनं बेताची, जिभेनं लांब. तुझा बाप गेल्यावर तुला तिनंच वाढवलं, असं गावात बोलतात. तू विसरला असशील म्हणून ओळख सविस्तर लिहायला सांगितली. आठवलं तर पुढं वाच. नाही आठवलं तर पत्र पोस्टमनला परत कर, दुसऱ्या एखाद्या नातवाच्या कामी येईल.

लिहितोय भिकन नाना. जन्मभर त्यानं दुसऱ्यांची पत्रं वाटली, आता रिटायर झाल्यावर माझी लिहितो. मी बोलते तसं लिहीत नाही, शुद्ध करतो. तेव्हा पत्रात मी शहाणी वाटले तर दोष त्याचा.

तुझा फोटो पाहिला. बाजारातून भजी आणली, तर कागदावर तेलाच्या डागात तू! गळ्यात हार, शेजारी टोपीवाला शेठ. नानानं वाचून दाखवलं, ‘जळगावच्या दृष्टिदान मंडळाचे चिटणीस, पिंप्राळ्याचे शिक्षक श्री. वाल्मीक.’ ऊर भरून आला. मग भजी खाल्ली.

आता कामाचं. वरच्या पाड्यावरची सोनीबाई तुला आठवत असेल, तुला पाठुंगळी घेऊन नदी ओलांडायची ती. तिची लेक रेशमा, बावीस वर्षांची. एक डोळा लहानपणी गोवरात गेला. उरलेल्या एकावर सगळा संसार चालला होता. मागच्या दिवाळीत बाजरी उपणताना त्यात कुसळ गेलं. कोणी पाला पिळला, कोणी मध घातला, आणि सगळ्यांनी मिळून चांगला डोळा पांढरा करून ठेवला. धुळ्याचा डोळ्यांचा डॉक्टर म्हणतो, आतला डोळा शाबूत आहे, फक्त वरची काच खराब झाली. मेलेल्या माणसाची काच बसवली तर दिसेल, पण वर्षं घालवू नका.

नवऱ्यानं तिला माहेरी आणून सोडलंय. म्हणे, डोळा आला की परत ये. पोरगी मला हसून म्हणते, “आजी, दोन्हीतलं एकच परत येणार असंल तर डोळा सांग.”

मागच्या जयंतीला तू मंडळाची जीप घेऊन आलास आणि वाड्यातल्या सदतीस जणांचे अंगठे घेऊन गेलास, मेल्यावर डोळे देऊ म्हणून. त्यात माझाही आहे. ज्याला माझे डोळे बसतील त्याला दूरचं नीट दिसेल, पण शेजारच्या घरात डोकवायची खोड लागेल, तेवढं आधी सांगून ठेव.

तर रेशमाचं नाव घाल आणि कधी आणू ते कळव.

तुझी आजी
(अंगठा)


पिंप्राळा, जळगाव
२५ जानेवारी १९८८

ती. आजीस,

सविनय जयभीम. पत्र पोचलं. शाळेच्या परीक्षा आणि मंडळाची कामं यांत लिहायचं राहून जातं, विसरलो नाही.

रेशमाचं ऐकून वाईट वाटलं. पण आजी, इथे काम नियमानं चालतं आणि तो नियम मी केलेला आहे. यादीत अठ्ठावन्न माणसं आहेत आणि वर्षाला डोळे मिळतात सहा-सात. पूर्वी ज्याची ओळख त्याचा नंबर लागायचा. मी चिटणीस झाल्यावर ते बंद केलं. आता एकच तत्त्व: ‘जो देईल, त्याला आधी.’ ज्या घरातून नेत्रदानाचे अर्ज भरलेले आहेत ते वर्ग ‘अ’. अर्ज भरून सहा महिने झाले नाहीत ते वर्ग ‘ब’. बाकीचे वर्ग ‘क’. या नियमामुळे एका वर्षात अर्ज चाळीसचे सहाशे झाले. अध्यक्ष देवचंदशेठ भाषणात मला ‘नियमांचा शिल्पकार’ म्हणाले.

खरं सांगू, हे मी तुझ्याकडूनच शिकलो. आपल्या सावडीचंच तत्त्व आहे हे. जो दुसऱ्याच्या शेतात निंदायला जातो, त्याच्या शेतात दुसरे येतात. मी फक्त ते डोळ्यांना लावलं.

रेशमाच्या घरातून अर्ज नाही, म्हणून ती ‘क’मध्ये येईल. सोनीबाईला आता अर्ज भरायला सांग. सहा महिन्यांनी वर्ग बदलेल.

तुझा,
वाल्मीक


पिंपळनेर
९ फेब्रुवारी १९८८

चि. वाल्मीक,

तुझं पत्र वाड्यात मोठ्यानं वाचून दाखवलं. ‘शिल्पकार’ म्हणजे काय ते कोणाला कळेना. नाना म्हणाला, दगड फोडणारा. आक्काबाई म्हणाली, म्हणजे नोकरी सुटली काय पोराची?

तुझ्या सावडीबद्दल मी नंतर बोलेन. एवढं पाणी एकदम ओतलं तर मडकं फुटतं.

आधी साधा हिशेब सांग. देणाऱ्याला आधी, असा तुझा नियम. आमच्या वाड्यानं सदतीस अंगठे दिले. म्हणजे आम्ही ‘अ’. आमच्यात आंधळं कोणी नाही. तोताराम नानाला कमी दिसतं, पण ते सावकार समोरून आला तरच. तर आमची पाळी रिकामी पडलीय. ती आम्ही रेशमाला दिली. सगळ्यांना विचारून दिली. सावडीत माझ्या वाट्याचा दिवस मी आजारी बाईच्या शेताला देते, तेव्हा कोणी मला वर्ग विचारत नाही.

सोनीबाईला अर्जाचं सांगितलं. तिनं विचारलं, “डोळे मेल्यावर घेणार ना? मग जितेपणी कशाला विचारता, घ्या की.” पाड्यावर तुमची जीप कधी आली होती, असंही तिनं विचारलं. मी काय सांगणार? डांबर जिथं संपलं तिथं तुमची जीप फिरली. चहा मात्र माझ्याकडे प्यालात, दोन-दोन कप.

वाड्याचा नंबर कितवा ते कळव.

आजी
(अंगठा)

ता.क. द्रौपदाबाई म्हणाल्या त्यातले दोन शब्द मी गाळले आहेत. चिटणीसांना पाठवण्यासारखे नव्हते. — भिकन


पिंप्राळा, जळगाव
३ मार्च १९८८

ती. आजीस,

जयभीम. उत्तराला उशीर झाला, क्षमस्व. माहिती काढत होतो.

पाळी दुसऱ्याला देता येत नाही. नियमात रक्ताचं नातं किंवा लग्नाचं नातं एवढंच आहे. उद्या लोक पाळ्या विकायला लागतील.

दुसरं, थोडी तांत्रिक अडचण आहे. मनाला लावून घेऊ नकोस. आपल्या वाड्याचे अर्ज सध्या ‘दाता’ म्हणून धरलेले नाहीत, ‘इच्छुक’ म्हणून आहेत. एक तर अंगठ्याच्या अर्जावर दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात, त्या राहिल्या. आणि मुख्य म्हणजे डोळ्याला सहा तासांची मर्यादा आहे. पिंपळनेरहून जळगावला निरोप येऊन, जीप जाऊन परत येईपर्यंत दहा तास होतील. म्हणजे पिंपळनेरचे डोळे उपयोगी पडणार नाहीत. जे उपयोगी पडणार नाहीत त्यांच्याबद्दल पाळी देणं इतर दात्यांवर अन्याय होईल. म्हणून मंडळानं जळगावभोवती पन्नास किलोमीटरचं वर्तुळ आखलं आहे.

वर्तुळात सगळ्यात जास्त अर्ज देवचंदशेठांचे आहेत. त्यांच्या तेलगिरणीतल्या अठ्ठावीस कामगारांचे अर्ज त्यांनी एका दिवसात भरून दिले. ते ‘गटदाता’ म्हणून त्यांच्या घराकडे धरले जातात.

रेशमाचं नाव मी ‘क’मध्ये एकोणसाठाव्या नंबरवर घातलं आहे. माझ्या हातात होतं तेवढं केलं.

तुझा,
वाल्मीक


पिंपळनेर
२१ मार्च १९८८, सकाळी सव्वासहा

वाल्मीक,

हे पत्र पोस्टानं येत नाही, बर्फासोबत येतंय. लहान लिहिते.

तोताराम नाना पहाटे साडेतीनला गेले. झोपेत गेले. त्यांचा मुलगा स्वतः सरकारी दवाखान्यात जाऊन नव्या डॉक्टरला घेऊन आला. डॉक्टरनं पाचच्या आत डोळे काढले, बाटलीत ठेवले. गारेगारवाल्यानं कारखाना उघडून बर्फ दिला. पहिल्या गाडीचा कंडक्टर अमरसिंग, त्याच्या सीटखाली डबा. धुळ्याला तो स्वतः जळगावच्या गाडीत चढवून देणार. दुपारी बाराच्या आत तुझ्याकडे.

आणि ऐक. या डॉक्टरला मी तुमचं वर्तुळ सांगितलं. तो पोट धरून हसला. मेल्या घरात हसला रे! सहा तासांची मर्यादा डोळा *काढायला* असते, पोचायला नाही. काढून बर्फात ठेवला की दुसऱ्या दिवशीपर्यंत चालतो. तुम्ही इतकी शिकलेली माणसं, हार घालून घेता, फोटो काढता, आणि एवढं एक डॉक्टरला विचारलं नाहीत? वर्तुळ आखायला मात्र कंपास सापडला.

अर्जावर दोन साक्षीदारांच्या सह्या आहेत, भिकन नाना आणि पोस्टमास्तर. तोताराम नानाचा अंगठा आता पुन्हा घेता येणार नाही, जुना चालवून घे.

दोन डोळे आहेत. एक तुम्ही कोणालाही द्या. एक रेशमाला. ती आणि सोनीबाई याच गाडीत बसल्यात.

आजी


पिंप्राळा, जळगाव
२७ मार्च १९८८

ती. आजीस,

सविनय जयभीम. तोताराम नानांना माझी आदरांजली. त्यांच्या मुलाला मंडळातर्फे आभाराचं पत्र वेगळं पाठवलं आहे.

डोळे साडेअकराला पोचले. आमच्या डॉक्टरांनी तपासले, दोन्ही उत्तम. सहा तासांबद्दल तुमच्या डॉक्टरांचं बरोबर आहे. मंडळाकडून समजण्यात चूक झाली होती. वर्तुळ रद्द करण्याचा विषय पुढच्या बैठकीत ठेवला आहे.

एक डोळा चोपड्याच्या एका शिंप्याला बसवला. दुसरा देवचंदशेठांच्या सासूबाईंना. त्यांचा एक डोळा चांगला आहे, पण दुसऱ्यानं टीव्ही धूसर दिसायचा. वर्ग ‘अ’मध्ये त्यांचा नंबर पहिला होता.

आजी, तू रागावशील. पण नियम मीच केला आणि माझ्या आजीच्या माणसासाठी मीच मोडला तर तो वशिला झाला. उद्या कोणी कोणावर विश्वास ठेवणार नाही. देवचंदशेठांच्या जागी दुसरं कोणी असतं तरी मी हेच केलं असतं.

रेशमा आणि सोनीबाई दवाखान्याच्या व्हरांड्यात दोन दिवस थांबल्या होत्या, असं समजलं. बैठका असल्यामुळे मला त्यांना भेटता आलं नाही. त्यांच्या परतीच्या तिकिटाचे पैसे मंडळ देईल.

सासूबाईंच्या घरून पेढे आले होते. सोबत पाठवतो.

तुझा,
वाल्मीक


पिंपळनेर
११ एप्रिल १९८८

वाल्मीक,

पेढे तोताराम नानाच्या घरी दिले. त्यांच्या मुलानं विचारलं, कशाबद्दल? मी म्हटलं, तुझ्या बापाला आता रविवारी टीव्ही दिसतो.

आज मी नानाला सांगितलंय, शुद्ध करू नकोस, एकही शब्द गाळू नकोस. तो खिडकीकडे तोंड करून लिहितोय.

आधी एक लहान गोष्ट. तुला बैठका होत्या. बरं. पण बैठकीच्या मधल्या वेळात तू व्हरांड्यातून दोनदा गेलास. पहिल्यांदा रमतगमत आलास, रेशमाला पाहिलंस आणि उभा राहिलास. दुसऱ्यांदा भिंतीच्या कडेकडेनं, चपला उचलून गेलास. पहिलं रेशमानं ऐकलं, दुसरं सोनीबाईनं बघितलं. तुझ्या डाव्या चपलेचा अंगठा लहानपणापासून घासत जातो, पाड्यावरच्या कुत्र्यालाही माहीत आहे. ती तुला हाक मारणार होती. सोनीबाई म्हणाली, “नको, साहेब शे तो आते. लाजी जाईन.” पोरगी आंधळी शे, बहिरी नही. बठ्ठं, सगळं समजस तिले.

आता सावड. म्हणे माझ्याकडून शिकलास! कधी शिकलास रे? तू बांधावर बसून चिंचा खायचास.

सावड कशी सुरू होते ते ऐक. पाऊस जरा उघडला की आम्ही बाया आधी बांधाबांधानं फिरतो. खुरपी कमरेला, हात रिकामे, नुसतं बघायचं. ज्याचं पीक तणात बुडालंय त्याचं शेत आधी. कोण किती दिवस आलं, कोणाचे किती हात, ते त्यानंतर. दोन शेतांत सारखंच तण असलं तर मात्र जी बाई जास्त दिवस आली तिचं आधी, हे मी मान्य करते. आणि धडधाकट असून ओट्यावर बसून तंबाखू मळणारा असला तर तो शेवटी, हेही मान्य. नाहीतर उद्या सगळेच ओट्यावर बसतील. तुझ्या नियमात अर्धं पोतं खरं आहे, मी वेडी नाही. पण ज्याला कोणी बोलावलंच नाही, त्याला ‘आला नाही’ म्हणायचं? सोनीबाईच्या दारात कोण गेलं होतं कागद घेऊन?

तुझा नियम सावड नाही, लग्नातला आहेर आहे. त्यांनी पातळ दिलं तर आपण पातळ, त्यांनी टोपी दिली तर आपण टोपी. आणि तुमच्या शेठनं तर दुसऱ्यांची पातळं स्वतःच्या नावावर लिहून घेतली. गिरणीतले अठ्ठावीस जण मेल्यावर डोळे देणार आणि शेठची सासू जितेपणी घेणार. वा रे गटदाता!

आता जे तुला कधी सांगितलं नाही ते सांगते. तुझा बाप गेला तेव्हा तू सहा वर्षांचा. आषाढ होता. मी पंधरा दिवस उठले नाही, तुझी आई तर भिंतीकडे बघत बसलेली. आपल्या दोन एकरात बाजरी दिसेना, नुसतं तण. वाड्यातल्या बायांची शेतं त्यांना आवरत नव्हती. एका सकाळी सोनीबाई वरून अकरा बाया घेऊन उतरली. त्यांनी दोन दिवसांत शेत मोकळं केलं आणि आपल्या भाकरी आपणच बांधून आणल्या होत्या. मी त्यांच्या शेतात त्याआधी एक दिवस गेले नव्हते. एक दिवस नाही, वाल्मीक. आपल्या घरात त्यांच्या हातचं पाणी प्यायला तुझा आजा कुरकुरायचा, आपण स्वतः गावाच्या विहिरीवरून हाकललेली माणसं आणि आपणच! त्या बाजरीवर आपण त्या वर्षी जगलो. तुझी पाटी त्या बाजरीतली आहे. तेव्हा सोनीबाईकडे तुझ्यासारखा चिटणीस असता तर आपण वर्ग ‘क’.

आम्ही अंगठे मागं घेत नाही. दिलेलं मागं घ्यायला आम्ही शेठ नाही. पण काल वाडा आणि पाडा एकत्र बसला. भिकन नानानं नवे अर्ज लिहिले, एकशे चार. पोस्टमास्तर आणि सरकारी डॉक्टर साक्षीदार. प्रत्येकावर एक ओळ जास्त आहे: ‘ज्याला सगळ्यात कमी दिसतं त्याला द्यावे, मग तो कोणी का असेना.’ मंडळाला हे चालत असेल तर कळव. चालत नसेल तर नाशिकची गाडी सव्वासातला सुटते आणि तिथंही डोळ्यांचा दवाखाना आहे, डॉक्टरनं पत्ता दिलाय. अमरसिंगची ड्यूटी त्या गाडीवर लागू शकते.

चपला नीट घालून बैठकीला जा.

द्रौपदाबाई
(अंगठा)

मी एकही शब्द गाळलेला नाही. — भिकन


पिंप्राळा, जळगाव
२ ऑगस्ट १९८८

ती. आजीस,

जयभीम. तीन महिन्यांवर लिहिलं नाही. लिहायला बसायचो आणि व्हरांडा दिसायचा. मी चपला उचलल्या होत्या, खरं आहे.

परवा बैठक झाली. तुमचे एकशे चार अर्ज मी टेबलावर ठेवले आणि तुझी ओळ वाचली. देवचंदशेठ म्हणाले, “सगळ्यात कमी दिसतं त्याला आधी, असं केलं तर देणाऱ्याला फायदा काय?” सगळे माझ्याकडे बघायला लागले. त्यांचं खोटं नव्हतं, आजी. सहाशे अर्ज त्या फायद्यामुळेच आले होते.

तेवढ्यात दारात त्यांच्या गिरणीतला झिपरू येऊन उभा राहिला. त्याला कोणी बोलावलं नव्हतं. टोपी हातात घेऊन विचारतो, “शेठ, मी पुढच्या महिन्यात रिटायर होतोय. मुनीम म्हणतो, बोनसच्या दिवशी अंगठा घेतला तो डोळ्यांचा होता. तर ते डोळे रिटायर झाल्यावर काढणार की आधी? घरी सांगून ठेवायला बरं.”

कोणीतरी हसलं. शेठ चष्मा पुसायला लागले. मी झिपरूला खुर्ची दिली आणि सगळं समजावून सांगितलं, मेल्यानंतर, तुझ्या मर्जीनं, नको असेल तर आत्ता फाड. त्यानं अर्ज हातात घेऊन उलटसुलट बघितला. म्हणाला, “मेल्यावर होय? मग राहू द्या. पण शेठच्या नावावर नको, माझ्या नावावर लिहा.”

मतं घेतली. पाचाला चार. नवा नियम असा: डॉक्टर सांगतील तसा ज्याला सगळ्यात कमी दिसतं तो आधी. दोघांना सारखंच कमी दिसत असेल तर देणाऱ्याच्या घरातला आधी. ज्याला विचारायला मंडळ गेलंच नाही, त्याला ‘नाही म्हणाला’ असं धरायचं नाही. गटदाता बंद, वर्तुळ बंद. शेठ अध्यक्ष राहिले, पण यावेळी फोटोला थांबले नाहीत. चाळीसेक जणांनी अर्ज परत नेले. पाचवं मत कोणाचं ते विचारू नकोस, माझंच होतं. आणि ते द्यायला मला वेळ लागला, हेही लिहून टाकतो.

रेशमा एकोणसाठावरून तिसरी झाली. तिच्या आधी दोघं आहेत, दोघांना उजेडही कळत नाही. ते तुला मान्य असेल, असं धरतो.

तुझा,
वाल्मीक


तार
जळगाव, ३ ऑक्टोबर १९८८

द्रौपदाबाई, बौद्धवाडा, पिंपळनेर. रेशमास मिळेल त्या गाडीने आणा. मी स्टँडवर उभा आहे. वाल्मीक.


पिंपळनेर
२९ ऑक्टोबर १९८८

चि. वाल्मीक,

रेशमा घरी पोचली. टाके अजून काढायचे आहेत, पाण्यातून बघितल्यासारखं दिसतं म्हणते. पण बोटं मोजते, रंग सांगते, आणि मला बघून म्हणाली, “आजी, तू आवाजावरून बरी वाटायचीस.” म्हणजे डोळा चांगलाच बसलाय.

नवरा चौथ्या दिवशी हजर. नवा सदरा, केसांना तेल. घरी चल म्हणाला. तिनं त्याला उजेडात उभं केलं, वरून खाली बघितलं आणि सांगितलं, “थांब जरा. टाके निघू दे, नीट दिसू दे. मग ठरवते.” तो ओट्यावर बसलाय. सोनीबाई त्याला चहा देते, साखर कमी.

तू स्टँडवर उभा होतास, तिची पिशवी घेतलीस, आठ दिवस डबा नेलास, हे सगळं कळलं. तुला शाबासकी द्यावी असं नाना म्हणतो. मी म्हटलं, आधी पाचवं पत्र लिही, मग बघू. दीड वर्षात एक फेरी मारली नाहीस.

सोनीबाई रोज विचारते, डोळा कोणाचा? मला सांगू नकोस. मंडळाच्या वहीत असेल, तिथंच राहू दे. कळलं तर ही बाई जन्मभर त्या घरी भोपळे, नागली, मोहाची फुलं नेऊन टाकत बसेल आणि ती माणसं बिचारी लाजून मरतील. मी तिला म्हटलं, ज्यानं दिलं तो घ्यायला राहिलेला नाही. तुला फेडायचंच असेल तर तू मेल्यावर फेड, अर्ज भरलेलाच आहे. ते तिला पटलं. पण अर्धंच पटलं.

म्हणून तुला काम सांगते. दिवाळी दहा दिवसांवर आली. आपण काही दिवाळीवाले नाही. पण डोळा देणाऱ्याच्या घरात यंदा माणूस गेलंय, तिथं कढई चढणार नाही आणि लेकरं शेजारच्या घरातल्या तळणाचा वास घेत बसतील. शेजारपाजारचे देतील, पण आपणही द्यायचं. सोनीबाईनं नागलीचे लाडू वळलेत, उद्याच्या गाडीनं अमरसिंगकडे देते. त्यात तुझ्या बायकोला शेव आणि करंज्या घालायला सांग, घरी केलेल्या, दुकानातल्या नको. शेव तिखट नको, घरात लहान असेल तर खाता आली पाहिजे. तू स्वतः जा. नाव सांगू नको, मंडळाचं तर मुळीच नको. ओट्यावर ठेव आणि नीट चालत परत ये.

आणि हे फराळाचं डब्यात घालून देऊ नकोस. डबा दिला की ती माणसं तो रिकामा परत देणार नाहीत, त्यात काहीतरी घालतील, मग आपण पुन्हा घालायचं, आणि चालू झाला तुझा आहेर. पळसाच्या पानात बांध, वर फडकं गुंडाळ. फडकं जुनंच घे.

आजी
(अंगठा)